बांबर्गची धुराची बिअर: श्लेंकर्लाच्या बाकावर बसून ती नीट कशी चाखावी

बव्हेरियाच्या उत्तरेकडील बांबर्ग या जुन्या शहरात श्लेंकर्ला नावाची ब्रुअरी आणि तिचा पब आहे. तेथील बिअरला जळत्या लाकडाच्या धुराचा इतका ठळक वास येतो की ती पहिल्यांदा पिणारा पाहुणा बहुधा ग्लास खाली ठेवून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. बरेच जण तो एक ग्लास कसाबसा संपवतात, छायाचित्र काढतात आणि टेकडीवरचे कॅथीड्रल पाहायला निघून जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांनी धूर चाखलेला असतो, बिअर चाखायची राहूनच जाते. धुरामागची माल्टची, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) आणि मुरवणीची चव जिभेला कळावी म्हणून थोडी पूर्वतयारी लागते, ग्लासांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो आणि मुख्य म्हणजे घाई टाळावी लागते. ते सारे कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

न्यूर्नबर्ग आणि एर्लांगेन या पट्ट्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना बांबर्ग रेल्वेने तासाभरात गाठता येते. खुद्द बांबर्गमध्ये बॉशचा मोठा कारखाना आहे आणि नाशिकच्या बॉशप्रमाणे तेथेही इंजिनात इंधन फवारणारे भाग तयार होतात, त्यामुळे नाशिककरांना कामानिमित्त या शहरात काही दिवस मुक्काम करण्याचा योग येऊ शकतो. अशा वाचकांच्या हाती एखादी मोकळी दुपार आहे, असे गृहीत धरून मी लिहितो आहे.

धूर येतो कुठून, हे आधी समजून घ्यावे

जव भिजवून त्याला मोड आणले आणि ते मोड योग्य वेळी वाळवून थांबवले की माल्ट तयार होते. प्रश्न असतो तो वाळवण्याचा. उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवणे थंड, दमट प्रदेशात अवघड होते, म्हणून युरोपात शतकानुशतके ओले माल्ट छिद्रे असलेल्या तळावर पसरत आणि त्याखाली लाकडे पेटवत. धूर वर जाताना माल्टमधूनच जात असे आणि टरफलांना चिकटून बसत असे. त्या काळी धुरकट चव हा कोणी मुद्दाम निवडलेला प्रकार नव्हता; लाकडावर वाळवलेल्या माल्टची बिअर कमी-अधिक धुरकट असायचीच. पुढे कोकवर (दगडी कोळशापासून केलेल्या, कमी धूर देणाऱ्या इंधनावर) चालणाऱ्या आणि त्यानंतर केवळ गरम हवा आत सोडणाऱ्या भट्ट्या आल्या, तसे स्वच्छ चवीचे माल्ट स्वस्तात मिळू लागले आणि धूर बिअरमधून जवळजवळ नाहीसा झाला.

बांबर्गमधील दोन घराण्यांनी मात्र जुनी पद्धत सोडली नाही. एक श्लेंकर्ला आणि दुसरे श्पेत्सिआल. दोघांचीही स्वतःची माल्टशाळा आहे. श्लेंकर्लाच्या वास्तूचा पहिला लेखी उल्लेख १४०५ सालचा आहे, ब्रुअरीचे अधिकृत नाव हेलर-ब्रॉय असे आहे आणि ती आज ट्रूम कुटुंबाच्या सहाव्या पिढीकडे आहे. पब जुन्या गावात डोमिनिकानरश्ट्रासे या गल्लीत आहे, तर माल्टशाळा, ब्रुअरी आणि खडकात खोदलेली तळघरे श्टेफान्सबर्ग या टेकडीवर आहेत. माल्ट वाळवण्यासाठी तेथे वाळलेल्या बीच वृक्षाच्या ओंडक्यांची उघडी आग वापरतात.

लाकडातील लिग्निन हा घटक जळताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगे तयार होतात आणि धुराचा जो वास आपण ओळखतो तो प्रामुख्याने त्यांचा असतो. ही संयुगे माल्टबरोबर पाण्यात उतरतात, उकळण्यातूनही बऱ्यापैकी टिकून राहतात आणि शेवटी ग्लासापर्यंत पोहोचतात. बिअरमध्ये धुराचा अर्क मिसळलेला असतो, असा काहींचा समज असतो, तो साफ चुकीचा आहे. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांपलीकडे तिच्यात काही नसते. बांबर्गच्या बिशपने बिअरच्या शुद्धतेबद्दल १४८९ सालीच आदेश काढला होता, म्हणजे बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमाच्या २७ वर्षे आधी, आणि हे बांबर्गची माणसे पाहुण्याला सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

महिना, वार आणि वेळ

श्लेंकर्लाच्या सगळ्या बिअर वर्षभर मिळत नाहीत, त्यामुळे आधी पंचांग पाहावे. मेर्त्सेन ही मुख्य बिअर बारा महिने असते. उरबॉक ऑक्टोबरमध्ये येते. ओकच्या लाकडावर वाळवलेल्या माल्टची आयखे डॉपलबॉक ही बिअर डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुमारास मिळते. फास्टेनबिअर ही ॲश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळातली बिअर आहे, आणि उन्हाळ्यात क्रॉयझेन नावाची हलकी, कोवळी बिअर असते. तुम्हाला एकदाच जाणे शक्य असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मी सुचवेन, कारण तेव्हा मेर्त्सेन आणि उरबॉक शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि त्या दोहोंतला फरक हाच या ब्रुअरीचा खरा धडा आहे.

शनिवार टाळावा. बांबर्गला नदीमार्गे फिरणाऱ्या पर्यटक-बोटी लागतात, त्यांतील गट दुपारी जेवणाच्या वेळी या गल्लीत येतात आणि मग बाकावर बसायला जागा मिळणेही कठीण होते. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारचे जेवण उरकल्यानंतर आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी, साधारण तीन ते पाच या वेळेत पब शांत असतो आणि वाढणाऱ्यांनाही दोन शब्द बोलायला उसंत असते.

गाडी घेऊन जाऊ नये. न्यूर्नबर्गहून एर्लांगेन आणि फोर्खहाइममार्गे बांबर्गला थेट लोकल आणि प्रादेशिक गाड्या आहेत. जर्मनीत वाहनचालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा दर हजारी ०.५ एवढी आहे आणि नव्या किंवा २१ वर्षांखालील चालकांना तेवढीही सवलत नाही. या लेखात सांगितलेला क्रम पाळला तर ती मर्यादा ओलांडली जाण्याचीच शक्यता अधिक.

निघण्यापूर्वी हलके जेवून घ्यावे. जेवण तिखट नसावे, कारण तिखटाने भाजलेल्या जिभेला बारीक चवी कळत नाहीत. अत्तर, मिंटच्या गोळ्या, च्युइंगगम आणि अगदी आधी घेतलेली कॉफी यांनी नाक बोथट होते. घरात फोडणीचा वास बसलेले स्वेटर घालून जाऊ नये, हेही सांगून ठेवतो. बंद, उबदार खोलीत तो वास आपल्या आधी टेबलावर पोहोचतो.

पहिला ग्लास श्लेंकर्लामध्ये घेऊ नये

हा सल्ला काहींना विचित्र वाटेल. पण बांबर्गच्या स्थानकावर उतरल्यावर थेट श्लेंकर्लाकडे न जाता आधी ओबरे क्योनिगश्ट्रासे या रस्त्यावरील श्पेत्सिआलमध्ये शिरावे. स्थानकापासून ते दहा मिनिटांच्या पायवाटेवर आहे. या ब्रुअरीची परंपरा १५३६ पर्यंत मागे जाते. स्थानकाच्या परिसरातच लाल-पिवळ्या विटांच्या जुन्या इमारती दिसतात, त्या वायरमान या माल्ट कंपनीच्या आहेत. १८७९ साली सुरू झालेल्या या कंपनीचे माल्ट जगभरच्या छोट्या ब्रुअरी वापरतात, त्यांत भारतातल्या मायक्रोब्रुअरीही आल्या. बीचच्या धुरावर वाळवलेले तिचे माल्ट विकत घेऊनच इतर देशांतील अनेक धुरकट बिअर बनतात. श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर लक्षात येते, कारण ते धूर विकत आणत नाहीत.

श्पेत्सिआलची धुराची लागर (थंडाव्यात मुरवलेली बिअर) तांबूस रंगाची आहे आणि तिच्यातील धूर सौम्य आहे. पहिल्या वासात तो कळतो, घोट घेतल्यावर मात्र भाजलेल्या पावाच्या कडेसारखी माल्टची चव पुढे येते आणि धूर तिच्या मागे उभा राहतो. शांतपणे प्यावी, दोघांत एक ग्लास पुरेसा आहे. येथे दोन गोष्टी मनाशी नोंदवाव्यात: धूर नाकात अधिक आहे की घशात, आणि घोट गिळल्यावर तो किती वेळ मागे राहतो. पुढच्या तुलनेचा हा पाया आहे. धुराची सवय नसलेल्या माणसाला थेट मेर्त्सेन दिली तर त्याच्याकडे मोजपट्टीच नसते, म्हणून मी हा वळसा घ्यायला सांगतो. फ्रांकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या या उत्तर भागात, जाता जाता घेण्याच्या अर्धवट भरलेल्या शेवटच्या ग्लासाला श्निट म्हणतात. दुसरा ग्लास पूर्ण नको असेल तर तो मागावा, कोणी नाक मुरडत नाही.

तेथून पाणी पिऊन पायी निघावे. केटनब्र्युके हा पूल ओलांडून, ग्र्युनर मार्क्ट या बाजारातून, नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या नगरभवनाच्या कमानीखालून डोमिनिकानरश्ट्रासेला पोहोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. एवढ्या वेळात नाक पुन्हा ताजे होते. हे जुने गाव १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा वाट कंटाळवाणी होण्याची भीती नाही.

आत गेल्यावर

दारातून शिरताच एक बोळ लागतो आणि त्यात एक खिडकी असते. स्थानिक लोक तेथूनच बिअर घेतात आणि बोळात किंवा बाहेर गल्लीत उभे राहून पितात. खिडकीवर ग्लासासाठी ठेव घेतात, ती ग्लास परत केल्यावर मिळते. चाखण्यासाठी आलेल्याने मात्र आत बसावे. काळवंडलेल्या लाकडी तुळयांची जुनी खोली आणि दगडी कमानींची, एके काळी डोमिनिकन मठाचा भाग असलेली खोली, यांपैकी मला जुनी खोली अधिक आवडते. पण रंग पाहण्यासाठी खिडकीजवळची जागा मिळाली तर कोणतीही खोली चालेल.

टेबले सामायिक असतात. रिकामी जागा दिसली तरी आधी बसलेल्यांना "ही जागा मोकळी आहे का?" असे विचारून बसण्याची रीत आहे, आणि नियमित गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या टेबलावर बसायचे नसते, त्यावर तशी पाटी असते. बिअर अर्ध्या लिटरच्या ग्लासात येते, या मापाला तिकडे झाइडला म्हणतात. तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर वाढणारा पेनाने रेघ मारतो आणि शेवटी रेघा मोजून हिशेब होतो, म्हणून ती चकती आठवण म्हणून खिशात घालण्याची घाई करू नये. चकतीवरच्या जुन्या धाटणीच्या जर्मन मजकुराचा आशय असा की पहिल्या घोटाला ही बिअर परकी वाटली तरी नाराज होऊ नये, तहान आणि समाधान दोन्ही वाढत जातील. व्यापाऱ्याने स्वतःच्या मालाची केलेली ही भलामण असली तरी तिच्यात तथ्य आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

पैसे रोख जवळ असू द्यावेत. बक्षिशी म्हणून बिलाच्या पाच-दहा टक्के वरची पूर्ण रक्कम तोंडी सांगण्याची पद्धत आहे.

मेर्त्सेन: घाई न करता, टप्प्याटप्प्याने

या घराची ओळख म्हणजे मेर्त्सेन. मद्यार्क ५.१ टक्के, मूळ रसाची घनता (आंबवण्यापूर्वी रसात विरघळलेल्या साखरेचे व इतर घटकांचे प्रमाण) १३.५ टक्के आणि कडवटपणा आंतरराष्ट्रीय एककात सुमारे ३०. पबमध्ये ती लाकडी पिंपातून, कोणत्याही वायूचा दाब न वापरता, नुसत्या तोटीने ग्लासात सोडतात. त्यामुळे बाटलीतल्या मेर्त्सेनपेक्षा तिच्यात बुडबुडे कमी असतात आणि ती जिभेवर मऊ लागते. याच एका कारणासाठी बांबर्गला जाऊन पिण्याला अर्थ आहे.

ग्लास आल्यावर आधी तो उजेडासमोर धरावा. टेबलावर ठेवलेला असताना जवळजवळ काळा दिसणारा रंग उजेडात गडद तांबडा होतो. फेस बदामी आणि दाट असतो. मग ग्लास न हलवता एकदाच हुंगावे आणि बाजूला धरावे. पहिल्या क्षणी येतो तो फक्त धूर. युरोपीय लोक त्याला धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाची उपमा देतात. आपल्याकडील वाचकाला निखाऱ्यावर भाजून नुकतेच सोललेले भरताचे वांगे आठवेल, आणि ही आठवण अधिक उपयोगाची आहे, कारण त्या वासातही धुराखाली एक गोडसरपणा असतो आणि मेर्त्सेनमध्ये तोच शोधायचा आहे.

पहिला घोट लहान घ्यावा आणि लगेच मत बनवू नये. दुसरा घोट जरा मोठा घेऊन तो संपूर्ण जिभेवर फिरू द्यावा, गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडावा. तोंडातला वास घशामागून नाकात जातो तेव्हा धुराखेरीज इतर गोष्टी प्रथमच सुटी ओळख देतात: करपण्याच्या बेताला आलेली साखर, गडद पावाची कड, आणि अगदी शेवटी हॉप्सचा कोरडा, नेमका कडवटपणा. गोडवा लांबत नाही. घोट कोरडा संपतो, आणि म्हणूनच पुढचा घोट हवासा वाटतो.

यानंतर थांबावे. निदान दहा-पंधरा मिनिटे बोलत बसावे, अधूनमधून घोट घ्यावा, पण लक्ष देऊन चाखू नये. या वेळात एक साधी शारीरिक गोष्ट घडते: सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते आणि मेंदू त्याची दखल कमी करतो. शिवाय खोलीतही तोच वास भरलेला असतो. धूर मागे सरतो, पण माल्टची गोडी आणि हॉप्सचा कडवटपणा हे जिभेला कळणारे घटक असल्याने तितके मागे सरत नाहीत. परिणाम असा की अर्ध्या ग्लासानंतर समोरची बिअर तीच असूनही चव निराळी लागते. चकतीवरच्या मजकुरातले तथ्य ते हेच. पडताळून पाहायचे असेल तर ग्लास टेबलावर सोडून पाच मिनिटे बाहेर गल्लीत उभे राहावे आणि परत येऊन हुंगावे. धूर पुन्हा पहिल्याइतका ठळक झालेला आढळेल.

बिअर तळघराच्या थंडाव्याची असते, बर्फगार नसते. जसजशी ती ग्लासात कोमट होत जाईल तसतशी गोडी वाढते आणि शेवटच्या पावभागात धूर काहीसा राखेसारखा लागू शकतो. मला तो भाग आवडत नाही, पण तोही चाखून पाहावा, कारण घरी बाटली उघडताना ती किती थंड असावी हे त्यावरून ठरवता येते.

मेर्त्सेनची खरी ओळख तिसऱ्या ग्लासाला होते, असे बांबर्गमध्ये आग्रहाने सांगतात. त्या आग्रहाला बळी पडण्यापूर्वी हिशेब करावा: अर्ध्या लिटरच्या एका ग्लासात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, तीन ग्लासांत ६० ग्रॅम. हे प्रमाण एका बैठकीला जास्तच आहे आणि तिसऱ्या ग्लासापर्यंत चव ओळखण्याची क्षमताही बोथट होते. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुसरा ग्लास दुसऱ्या दिवशी घ्यावा, आणि चौघे असाल तर एकेक ग्लास मागवून वाटून घ्यावा. पोट आणि जीभ दोन्ही शाबूत राहतात.

हेलेसचा प्रयोग

हेलेस ही फिकट सोनेरी लागर, मद्यार्क ४.३ टक्के, बहुधा बाटलीतून मिळते. हिच्यात धुरावर वाळवलेले माल्ट मुळीच नसते. तरीही तिला धुराचा पुसट वास येतो, कारण ती त्याच तांब्याच्या हंड्यांत बनते आणि धुराची बिअर आंबवलेले यीस्टच तिच्यासाठी वापरतात. चाखणाऱ्याच्या दृष्टीने मला ही सर्वांत उपयुक्त बाटली वाटते. मेर्त्सेनच्या आधी हेलेसचे दोन घोट घ्यावेत आणि ग्लास बाजूला ठेवावा. मेर्त्सेन अर्धी झाल्यावर पुन्हा हेलेसकडे वळावे. आधी स्पष्ट जाणवलेला धूर आता सापडतच नाही आणि त्याच जागी गवतासारखा ताजा हॉप्सचा वास वर येतो. नाकाचे सरावणे किती जोरकस असते, हे पटवून द्यायला याहून सोपा मार्ग नाही.

बाकीच्या बिअर

उरबॉक म्हणजे मेर्त्सेनचीच थोरली बहीण. मूळ घनता १७.५, मद्यार्क ६.५ टक्के, आणि खडकातल्या तळघरात कित्येक महिने मुरवलेली. धूर मेर्त्सेनपेक्षा कमी नसतो, पण माल्टची गोडी इतकी भरघोस असते की तो तिच्यात विरघळतो. वास मनुका, गडद मध आणि लाकूड यांच्या दिशेने जातो. हा ग्लास मेर्त्सेननंतरच घ्यावा. उलट क्रम लावला तर मेर्त्सेन पातळ आणि नुसती धुरकट वाटते, आणि तो तिच्यावर अन्याय होतो. सगळ्या यादीत मला एकच निवडायला सांगितली तर मी उरबॉक निवडेन.

आयखे डॉपलबॉकचा मद्यार्क ८ टक्के आहे. बीचऐवजी ओकचा धूर वापरल्याने, ताकद वाढूनही, वास अधिक गोलाईदार आणि सौम्य होतो. ज्यांना मेर्त्सेन टोचते त्यांना ही अनेकदा आवडते. पण ती जेवणानंतर, लहान घोटांनी आणि तीच शेवटची म्हणून घ्यावी.

फास्टेनबिअर गाळलेली नसते, त्यामुळे गढूळ तांबूस दिसते. मद्यार्क ५.५ टक्के. यीस्टमुळे तिला ओल्या पिठाचा आणि ताज्या पावाचा वास येतो, धूर बराच मवाळ वाटतो आणि पोट लवकर भरते, जे उपवासाच्या बिअरकडून अपेक्षितच आहे.

वायत्सेन या गव्हाच्या बिअरबद्दल मी साशंक आहे. जवाचे माल्ट धुरावरचे, गव्हाचे माल्ट साधे, मद्यार्क ५.२ टक्के. गव्हाच्या बिअरचे यीस्ट स्वतःच लवंगेचा आणि केळ्याचा वास तयार करते, आणि लवंगेसारखा वास देणारे संयुग धुरातल्या संयुगांचेच जवळचे नातेवाईक आहे. दोन्ही एकत्र आल्यावर वास गर्दीचा होतो, औषधी दिशेला झुकतो. अनेकांना हाच तिचा गुण वाटतो. मी अर्धा ग्लास आनंदाने पितो, उरलेला अर्धा शेजाऱ्याला देतो. अलीकडच्या काळात अल्डर आणि चेरीच्या लाकडाचा धूर वापरलेल्या बाटल्याही निघाल्या आहेत. मेर्त्सेन ओळखीची झाल्यावर लाकडालाकडांतला फरक पाहण्यासाठी त्या घ्याव्यात. हान्सला नावाची अत्यल्प मद्यार्काची बिअरही आहे, परंतु मद्य पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांनी ती मद्यविरहित समजू नये.

सोबत काय खावे

येथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बांबर्गचा कांदा: मोठा कांदा कोरून त्यात खिमा भरतात आणि धुराच्या बिअरचे सार ओतून वाढतात. डुकराच्या खांद्याचे शॉयफरलाही लोकप्रिय आहे. चाखण्याच्या दृष्टीने मात्र धुरी दिलेले मांस टाळावे, कारण ताटातल्या धुरापुढे ग्लासातला धूर हरवतो आणि बिअर नुसती गोडसर लागते. आंबट कोबी, उकडलेला बटाटा, राय पाव अशा साध्या गोष्टी बिअरला मोकळी जागा देतात. शाकाहारी माणसाचे हाल होतात, हे खरेच आहे. तरी मऊ चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका कालवून केलेला ओबाट्स्डा आणि पाव मिळाल्यास पोटभर होतो, आणि त्यातली स्निग्धता मेर्त्सेनच्या कडवटपणाशी छान जुळते. चरबी किंवा जिलेटिन नको असेल तर मागवण्यापूर्वी विचारावे.

बाटल्या घरी आणताना

पबमधून अर्ध्या लिटरच्या तपकिरी बाटल्या विकत मिळतात. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे अशा चार बाटल्या. विमानात त्या हातातल्या पिशवीत नेता येत नाहीत. सामानात प्रत्येक बाटली स्वतंत्र प्लास्टिकमध्ये बंद करून मधोमध कपड्यांत गुंडाळावी. माझी निवड दोन मेर्त्सेन, एक उरबॉक आणि एक हेलेस अशी असते, कारण वर सांगितलेला प्रयोग मित्रांसमोर करता येतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवान्याचा नियम आहे, हे पाहुणे बोलावताना ध्यानात असू द्यावे.

घरी बाटल्या उभ्या, अंधारात आणि थंड जागी ठेवाव्यात. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात याचा अर्थ फ्रिज असाच होतो. मेर्त्सेन आणि हेलेस लवकर संपवाव्यात. उरबॉक वर्षभर नीट थंड ठेवली तर तिचा धूर मवाळ होऊन सुक्या फळांची गोडी वाढते, पण त्यासाठी धीर लागतो आणि फ्रिजमध्ये जागाही लागते. पिण्यापूर्वी मेर्त्सेन पंधरा मिनिटे आणि उरबॉक अर्धा तास बाहेर काढून ठेवावी, ग्लास साबणाचा अंशही न राहील असा धुऊन घ्यावा, आणि बाटलीतून थेट पिऊ नये, कारण अरुंद तोंडातून वास नाकापर्यंत पोहोचत नाही. खोलीत उदबत्ती किंवा धूप जळत असेल तर तो आधी विझवून खिडक्या उघडाव्यात आणि वास पुरता गेल्यावरच टोपण काढावे.